विंगेतला सूड

१२ जानेवारी १९२६, बेळगाव. सकाळ.

ठरलं. हरिभाऊला संपवायचं.

हरिभाऊ म्हणजे वेदगंगा संगीत नाटक मंडळीचा नायक. काल कंपनीच्या बिऱ्हाडी परीक्षा द्यायला गेलो होतो. 'संगीत मुकुटहरण'मधला राजपुत्र वीरसेनाचा पार्ट मलाच हवा, असं मालक गुंडूअण्णांना स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या अंकातला एक प्रवेश म्हणून दाखवला. एकट्या वीरसेनाचा नव्हे, मंजरी, सेनापती, दासी, सगळ्यांची भाषणं. अक्षर चुकलो नाही. आणि हा टोणगा बाजेवर बसून चहा पीत होता तो इतका हसला की चहा नाकातून आला. वर म्हणतो, पाठांतर झकास हाय, पण आवाज लई लाजरा हाय बघा, पोटातनं भाईर यायला मागत न्हाई. सगळे हसले. आचारीसुद्धा हसला. आचाऱ्याचं नंतर बघू.

वकिलांच्या ऑफिसात बसून अर्ज लिहितो म्हणून काय झालं? मी जन्मजात नट आहे. अजून कुणाला कळलेलं नाही, एवढंच.

प्रतिज्ञा: हरिभाऊच्या डोक्यावरचा वीरसेनाचा मुकुट माझ्या डोक्यावर चढत नाही, तोवर मिशीला कात्री लावणार नाही.

संध्याकाळ. बायकोनं, शालूनं, विचारलं की मिशी का वाढवताय. उन्हानं ओठ भाजतात, असं सांगितलं. ती म्हणाली, थंडीत? नटानं प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ नये.

१७ जानेवारी

पहिला हल्ला फसला. दोष माझा नाही.

प्लॅन उत्तम होता. ऑफिसातल्या दोघांना माझ्या खर्चानं पिटात बसवलं. हरिभाऊनं पद सुरू केलं की हुर्यो उडवायची, असं पढवून ठेवलं होतं. पद सुरू झालं. दोघे गप्प. पद संपलं तेव्हा एक जण उपरण्यानं डोळे पुसत होता आणि दुसरा बाकावर उभा राहून वन्समोर ओरडत होता. फितूर लेकाचे!

टाळ्या मीही वाजवल्या. संशय येऊ नये म्हणून. वन्समोरही दिला, तो त्याच कारणासाठी. घसा बसला आहे.

२४ जानेवारी

देव आहे! कंपनीचा प्रॉम्प्टर सासऱ्याची शेती बघायला निघून गेला. गुंडूअण्णांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. म्हणाले, पंत, तुम्हाला समदं नाटक तोंडपाठ हाय, तेवढं विंगेत उभं ऱ्हावा.

आधी संताप आला. मी, आणि पडद्याआड? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हरिभाऊ आळशी. पाठांतराच्या नावानं शंख. पद झकास म्हणतो, पण भाषण आलं की डोळे विंगेकडे. म्हणजे त्याची मान कुणाच्या हातात? प्रॉम्प्टरच्या! भरल्या थिएटरात ऐन वेळी एक शब्द दिला नाही की संपला शिंचा.

हो म्हणालो. चेहरा पाडूनच म्हणालो.

वकीलसाहेबांना राजीनामा दिला. त्यांनी एकदाही थांबा म्हटलं नाही. धक्का बसला असणार. शालू गुंजीला माहेरी जाते म्हणाली. वीरसेन झालात की कळवा, मी बघायला येईन, असं म्हणाली. बरी आहे स्वभावानं, दूरदृष्टी नाही.

४ फेब्रुवारी, निपाणी

इथं थिएटर म्हणजे तंबाखूची रिकामी वखार. रिकामी नावालाच. भिंतींतून भुकटी झडते. नांदी चालू असताना सूत्रधार शिंकतो, पेटीवाला शिंकतो, आणि लोकांना वाटतं नाटकातच आहे.

कंपनीच्या पंगतीचा नियम फार नीच आहे. वर मालक आणि नायक, मग स्त्रीपार्टी, मग बाकीचे, अशी उतरंड. प्रॉम्प्टर अगदी टोकाला, पडदे ओढणाऱ्या मष्णूच्या शेजारी. तुपाचं भांडं आमच्यापर्यंत येतं तोवर नुसता वास उरतो. हरिभाऊच्या भातावर मात्र तूप तळं करून असतं. सगळं लक्षात ठेवतोय.

आज तिसऱ्या अंकात, 'हा मुकुट नव्हे, निखारा आहे' या भाषणाला, मी गप्प बसणार. आजच!

५ फेब्रुवारी

हरिभाऊ 'हा मुकुट नव्हे' इथवर आला आणि अडकला. मला हवं तेच! विंगेकडे बघितलं. डोळ्यांत अशी गयावया, की पोट भरलं माझं. मी ओठ घट्ट मिटले.

मग काय झालं कळलं नाही. माझ्या तोंडातून 'निखारा आहे' निघून गेलं. नुसतं गेलं नाही, 'निखारा'च्या आधी थांबायचं असतं ते थांबणंसुद्धा मीच बोटानं दाखवलं. टाळ्यांनी वखार हादरली. भुकटी पडली. मी शिंकलो.

नीट विचार करता जे झालं ते बरंच झालं. इतक्या लवकर पाडला असता तर त्याला माझी किंमतही कळली नसती. आधी माझी पक्की सवय लागू दे. मग एकदम हात काढून घेईन.

दुपारी पंगतीत हरिभाऊनं हाक मारून मला शेजारी बसवलं. प्रॉम्प्टर नायकाशेजारी, असं कधी झालं नव्हतं म्हणे. लाच! मी तूप घेतलं. शत्रूचं जेवढं कमी होईल तेवढं चांगलं.

९ फेब्रुवारी

नवा प्लॅन. वखारीतली भुकटी चिमूटभर गोळा करून वीरसेनाच्या शेल्यात नीट पसरली. गाताना शिंक आली की पदाची वाट.

ऐन वेळी हरिभाऊनं तो शेला परशरामला दिला. परशराम म्हणजे आमची मंजरी. नंदगडच्या शेतकऱ्याचा पोरगा, पण लुगडं नेसला की भल्याभल्या बायका बघत राहतात. त्यानं विलापाच्या प्रवेशात तोच शेला डोळ्यांना लावला. डोळ्यांतून धारा! नाक लाल! असा विलाप निपाणीनं पाहिला नव्हता. बायकांच्या बाजूनं हुंदके. विलापाला वन्समोर मिळाला, आणि परशराम दुसऱ्यांदा आणखी रडला.

आज सकाळी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, पंत, कुणाला सांगत न्हाई, पर रोज टाकत चला की. आता रोज प्रयोगाआधी भुकटी चाळायचं काम माझ्यामागे लागलं आहे.

१६ फेब्रुवारी, बोरगाव

जत्रेसाठी एक प्रयोग. दासीचं काम करणारा लग्नाला गेला, म्हणून गुंडूअण्णांनी मला उभं केलं. मिशी काढावी लागली. प्रतिज्ञा कात्रीची होती. वस्तऱ्याचं काही ठरलं नव्हतं.

वाक्य एकच: 'महाराज, रथ सिद्ध आहे.' अत्यंत संयमानं म्हणालो. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, ही काय म्हटली गं? शेजारीण म्हणाली, मुकी असंल बिचारी. खेडेगावात संयम कळत नाही.

२३ फेब्रुवारी, निपाणी. दुपार.

हरिभाऊचा आवाज गेला! तंबाखूनं घसा धरला. सकाळपासून नुसता फुसफुस. हा माझाच तळतळाट.

उद्याचा प्रयोग तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी सगळाच्या सगळा घेतलेला. रद्द केला तर कंपनीला निपाणीत पुन्हा कोण उभं करतंय? गुंडूअण्णा डोकं धरून बसले. वीरसेन कुणाला येतो? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पदं पेटीवर भागवायची, भाषणं मी करायची. आणि मला प्रॉम्प्ट कोण करणार? हरिभाऊ! आपण होऊन म्हणाला, म्हणजे फुसफुसला, म्या ऱ्हातो की विंगेत. नायक माझ्या जागी, मी नायकाच्या जागी! यापेक्षा गोड सूड कुणी घेतला असेल?

गुंजीला माणूस धाडला. शालू आणि तिचे आप्पा उद्या येतील. लई बोलत होते जावई कामाचा नाही म्हणून. बघा म्हणावं.

२५ फेब्रुवारी

कालचं लिहितो. थोडक्यात लिहितो.

तिसरी घंटा झाली. मुकुट चढला. मी प्रवेश केला आणि सवयीनं जाऊन विंगेला चिकटून उभा राहिलो, अर्धा पडद्यात. भाषण सुरू केलं. उत्तम चाललं होतं. मंजरी बोलायची थांबली तेव्हा तिचं वाक्यही मीच दिलं. सेनापतीचंही दिलं. ते दोघे मोठ्यानं बोलत होते, मी मात्र माझं वाक्यसुद्धा त्यांना दिल्यासारखं, दबक्या आवाजात म्हणत होतो. हे मला कळलं नाही. लोकांना कळलं. मागून एक जण ओरडला, आरं, बोल की रं, काय कानात सांगतोस व्हय! विंगेत हरिभाऊ दोन्ही हात हलवून मोठ्यानं, मोठ्यानं करत होता. घसा गेलेल्या माणसाचा आवाज माझ्यापेक्षा लांब गेला. गुंडूअण्णांनी मष्णूला खूण केली आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा पडला.

दुसऱ्या अंकापासून मुकुट परत हरिभाऊकडे. तो नुसता ओठ हलवणार, बोलायचं मी, विंगेतून. विंगेत पाय ठेवला आणि अंगाचा असा भडका उडाला, असा अपमान दाटून आला, की आवाज सुटला. पोटातला सगळा. 'निखारा आहे'ला वखारीतले लोक उभे राहिले. वन्समोर! वाकून नमस्कार हरिभाऊनं केला.

प्रयोगानंतर शालू आत आली. डोळे ओले होते. म्हणाली, अहो, वीरसेन काय बोलला हो! आवाज म्हणजे नुसती घंटा. तुम्ही कुठल्या अंकात होता? आम्हाला काही दिसला नाहीत. आणि पहिल्या अंकात ते मुखदुर्बळ ध्यान कोण आलं होतं?

आजारी आहे तो बिचारा, असं सांगितलं.

कंपनी सोडणार नव्हतो, आता तर नाहीच. हरिभाऊला माझ्याशिवाय एक वाक्य येत नाही. योग्य वेळी हात काढून घेईन.

३ नोव्हेंबर १९३४, बेळगाव

आज गप्प बसणार होतो. हरिभाऊला ताप होता. तापातल्या माणसावर वार करणं बरं दिसत नाही. पुढच्या मुक्कामी.

१९ जून १९३९, निपाणी

बोलपटानं कंपनी निम्मी झाली. माणसं कमी करायची म्हणून आज बैठक होती. मी राहिलो. कुणाची हिंमत आहे मला काढायची? मी नाही तर हरिभाऊ नाही.

आज गप्प बसणार होतो. खोकला आला, आणि खोकल्याबरोबर वाक्यही आलं.

४ मे १९४७, निपाणी. सकाळ.

आज शेवटचा प्रयोग. उद्या कंपनी बंद. तीच वखार, तेच 'मुकुटहरण'. हरिभाऊचे पुढचे दात गेले आहेत, पण वीरसेन अजून कोवळाच. परशराम आता राजमातेचं करतो. त्याला आता भुकटी लागत नाही, आपोआप रडतो.

माझी शेवटची संधी. नाटकाची वही हातात घेणारच नाही. देवाशपथ गप्प बसणार.

५ मे १९४७

बसलो. खरंच गप्प बसलो. तोंडात उपरण्याचा बोळा धरून बसलो.

'हा मुकुट नव्हे' म्हणाला. थांबला. विंगेकडे बघितलं. मी बोळा आणखी आत सारला. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, हसला, आणि म्हणाला, 'निखारा आहे'. थांबायचं तिथं थांबून. पुढचं भाषण म्हटलं. त्याच्या पुढचं म्हटलं. चौथा अंक म्हटला. अडखळला नाही, चुकला नाही. शेवटी तर मष्णू पडदा ओढायला विसरला.

दुपारी शेवटची पंगत. हरिभाऊनं माझ्या भातावर आपल्या हातानं तूप वाढलं. मी विचारलं, कधीपासून येतंय? म्हणाला, लई वरसं झाली की. तुमचंच ऐकून ऐकून पाठ झालं. मग विंगेकडे कशाला बघत होतास मेल्या, असं मी ओरडलो. तो म्हणाला, बोलपट आल्यावर मालक पयल्यांदा प्रॉम्प्टरलाच काढणार होते. म्या म्हटलं, पंत न्हाईत तर मला एक अक्षर येत न्हाई. आणि म्हटल्यावर मग बघाय नको व्हय विंगेकडं?

मी आणखी तूप मागून घेतलं.

जेवण झाल्यावर सामानाची वाटणी झाली. हरिभाऊनं पेटीतून वीरसेनाचा मुकुट काढला आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर ठेवला. तुमचाच हाय, न्या घरी, म्हणाला. केसांच्या टोपाशिवाय तो सैल होता. नाकापर्यंत खाली आला. सगळे हसले. हरिभाऊ हसला नाही, डोळे पुसत होता. मीही पुसले, मुकुटाच्या आत कुणाला दिसत नव्हतं.

मुकुट घेऊन आलो. आता सूड घ्यायला कुणीच उरलं नाही.

आचारी मात्र आजही हसला. त्याचं बघायचं राहिलंच आहे.