हिरवं लॉकेट

रविवार, संध्याकाळ. धरमपेठ.

ते हिरवं लॉकेट डोक्यातून जात नाहीये. भावाने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेली, लाटांनी घासून गुळगुळीत झालेली काच. मी तिला तारेत बसवलं. लॉकेट विकत घ्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी आज ते गळ्याशी धरून आरशात कितीतरी वेळ पाहिलं, मग हळूच खाली ठेवलं. "मले आता हिरवं चालत नाही वं." काका जाऊन वर्ष झालं. मी म्हटलं, "काकू, ही तर बाटलीची काच आहे." काय बोलून गेले मी. "बांगड्याही काचेच्याच होत्या," त्या म्हणाल्या. माझ्याकडचं दुसरं, पांढऱ्या काचेचं लॉकेट घेऊन निघाल्या. दारात मात्र थांबल्या.

"ते हिरवं एवढ्यात कोणाले देऊ नको."