दार लावून केलेली दुरुस्ती

आई, तुला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज तुझ्याशी भांडायला बसलेय. भांडण जुनंच आहे. तू परंड्यात आपल्या पडवीत बसून लोकांचे पंपाचे स्टोव्ह दुरुस्त करायचीस, पण कुणी स्टोव्ह ठेवून गेलेला तुला चालायचा नाही. चामड्याचं वायसर बदलायचं असो की बर्नरात अडकलेली पिन काढायची असो, स्टोव्हवाली समोर बसलीच पाहिजे. बायका म्हणायच्या, काकू, घरी कामं पडलीत, संध्याकाळी नेते. तू हातसुद्धा लावायची नाहीस. "बसा. तुमच्या घरातली वस्तू हाय, आत काय हाय ते बघून घ्या." मग त्या चरफडत बसायच्या आणि निम्म्या जणी पुढच्या खेपेला स्टँडाजवळच्या दुकानात जायच्या. ज्या तुझ्यासमोर टिकल्या त्या वायसर घरच्या घरी बदलायला शिकल्या, म्हणजे त्याही यायच्या बंद झाल्या. मला तुझा लई राग यायचा.

आणि तो दिवस तर मी अजून विसरलेली नाही. मी आठवीत होते. तू कुर्डुवाडीला सामान आणायला गेली होतीस आणि समोरच्या घरातली काकू स्टोव्ह घेऊन आली. मी तिला घरी पाठवून दिलं, एकटीनं स्टोव्ह खोलला, वायसर तेलात भिजवून बसवलं आणि नेऊन दिला. निळी ज्योत, आवाज कसा एकसारखा. काकूनं त्यावर केलेला चहा मला पाजला. संध्याकाळी तू आलीस तेव्हा मी शाबासकीची वाट बघत दारातच उभी. तू तो स्टोव्ह परत आणलास, काकूलाही बोलावून आणलंस आणि मला म्हणालीस, खोल आता, तिच्यासमोर पहिल्यापासनं कर. चांगला पेटतोय की, मी रडत रडत म्हणाले. "पेटतोय, व्हय. पण तिला काय कळलं?" एवढंच बोललीस. मी नाक पुसत सगळं परत केलं आणि काकू बिचारी ओशाळून बघत बसली. हे तू जरा प्रेमानं सांगू शकली असतीस, असं मला आजही वाटतं.

आता माझं ऐक. मी इथंच परंड्यात, मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. उन्हाळ्यात सोलापूरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून शाळेला बारा जुने कॉम्प्युटर मिळाले. त्यांवर मी कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स सिस्टिम बसवली, तीही पूर्ण मुक्त असलेली. म्हणजे जिच्यात झाकून ठेवलेलं काहीच नसतं. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. तुला हे एका वाक्यात समजलं असतं, स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांनी नाकं मुरडली. आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दहा पडद्यांवर अक्षरं फुगलेली, कडा फाटल्यासारख्या, एखादी खिडकी सरकवली की ती तुकड्यातुकड्यानं मागून यायची. उरलेले दोन पडदे सुरू होता होता काळे ठिक्कर पडले. कारण मला ठाऊक होतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्यात चित्र दाखवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं आणि नीट चालायला ते कार्ड त्याच्या कंपनीची एक छोटी फाइल मागतं. त्या फाइलीत काय आहे ते कंपनीशिवाय कुणालाच वाचता येत नाही, म्हणून माझ्या सिस्टिममध्ये ती ठेवलेलीच नसते.

संस्थेचे सचिव येऊन पडदे बघून गेले. म्हणाले, मॅडम, ती फाइल टाका की, किती वेळ लागतो, मुलींना काय करायचंय आत काय आहे ते. पेन ड्राइव्हसुद्धा त्यांनीच माझ्या हातात दिला. सोमवारच्या बैठकीपर्यंत बाराच्या बारा पडदे नीट दिसले नाहीत, तर लॅब बार्शीच्या एका खासगी क्लासला चालवायला द्यायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. क्लासवाले आले की डबे कुलपात, मुलींनी नुसतं टायपिंग करायचं आणि मी भूगोलाच्या तासावर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलींना काय करायचंय म्हणे! या पोरींनी जन्मल्यापासून दुसरं ऐकलंय काय? मी सचिवांना तोंडावर सांगितलं, फाइल टाकणार नाही आणि पडदेही नीट करून दाखवीन. बोलून तर बसले, पण कसं करायचं ते मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या मुलींना सतरंजीवर बसवलं आणि पहिला डबा त्यांच्यासमोर खोलला. हो, तुझंच. हसू नकोस. काळे पडलेले दोन आधी घेतले. सुरू होतानाच एक शब्द लिहून त्या डब्यांना सांगितलं की कार्डाच्या भानगडीत पडू नका, साधं चित्र दाखवा. चित्र आलं, पण तेही फुगलेलंच. तेवढ्यात पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, मागं ही निळी भोकाभोकांची जागा रिकामी का आहे? मला माझीच लाज वाटली. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, चित्र दाखवायची स्वतःची सोय होती आणि तिला कसलीही झाकलेली फाइल लागत नाही. कार्ड बसवलंय म्हणून ती गप पडून होती, इतकंच. आणि मी आठवडाभर त्या कार्डाचीच मनधरणी करत बसलेली! कार्ड उपटून काढलं, वायर निळ्या जागेत लावली, बटण दाबलं. अक्षरं बारीक, काळी, स्पष्ट. पुढचे डबे मुलींनीच खोलले. त्यांतल्या दोन डब्यांचे पडदे कार्ड काढल्यावर काळेच राहिले, तेव्हा सिस्टिमच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानावर जाऊन चित्र मदरबोर्डवरून घे असं त्यांना सांगावं लागलं. तेही त्याच मुलीनं शोधलं. शनिवारी शाळा सुटेपर्यंत अकरा झाले.

बाराव्यानं मात्र हात टेकायला लावले. त्याला ती निळी जागाच नव्हती. काही जुनी कार्डं अशी असतात की ती फाइल मागत नाहीत, तसं एखादं मिळालं असतं तर काम झालं असतं. बार्शी झाली, कुर्डुवाडी झाली, भंगारवाल्यांनाही फोन करून झाले, कुणाकडंच नव्हतं. सोमवारी मधल्या सुट्टीत मुली जेवायला गेल्या आणि मी लॅबचं दार आतून लावलं. नुसती फाइल टाकून भागत नाही, माझ्या सिस्टिमचा गाभा अशी फाइल घेतच नाही, म्हणून तो बाजूला ठेवून दुसरा बसवावा लागतो. तोही त्या पेन ड्राइव्हवर होता. बसवला. पडदा असा उजळला की बाकीचे अकरा त्याच्यापुढं फिके दिसायला लागले. दारावर थाप पडली. आमची शिपाई मावशी झाडू घेऊन उभी. "दार का लावलंय व मॅडम?" मी म्हणाले, वारं येत होतं. मुली परत आल्या, ओरडल्याच, कसं केलं, कसं केलं. मी म्हणाले, केबल ढिली होती.

बोल की आता. तुझ्यासमोर एका वेळी एक स्टोव्ह असायचा. हट्ट केलास तर एक गिऱ्हाईक जायचं. माझा हट्ट हरला असता तर या पोरींची लॅब गेली असती. मी काय चोरी केली का? पडदा नीट दिसला पाहिजे होता, तो दिसला. हे सगळं मी त्या दिवशी बैठक होईपर्यंत मनात तुला ऐकवत होते, आणि तू नेहमीसारखी माझं उत्तर ऐकूनच घेत नव्हतीस.

चार वाजता संस्थेची कमिटी लॅबमध्ये आली. सचिव फिरत फिरत नेमके बाराव्यापाशी थांबले. हा बघा, हा सगळ्यात झकास, बाकीचेही असेच करून टाका. मग मला विचारलं, काय केलंत याला? मी तोंड उघडायच्या आत ती निळी जागा शोधणारी मुलगी ताठ उभी राहून म्हणाली, "सर, केबल ढिली होती. मॅडमनी फाइल टाकली नाही." माझं खोटं ती माझ्या बाजूनं भांडत सांगत होती.

मी सांगून टाकलं. केबल ढिली नव्हती, मी दार लावून फाइल टाकली. सगळ्यांसमोर तो डबा पुन्हा जुन्या गाभ्यावर चालू केला आणि अक्षरं पहिल्यासारखी फुगली. मी म्हणाले, अकरा आमचे आहेत, फाइल न मागणारं कार्ड मिळेल तेव्हा हाही आमचा होईल, आणि तोवर असाच दिसेल. सचिवांचं तोंड बघण्यासारखं झालं. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मग मुलींना विचारलं, बाकीचे अकरा कसे झाले? मुलींनी झाकण काढून त्यांना खाली वाकायला लावलं आणि एकेक तुकडा दाखवला. त्यांच्याच शब्दावर लॅब वर्षभरासाठी आमच्याकडं ठेवायचं ठरलं. वर्षानंतर पुन्हा काढतील विषय. काढू देत. मी इथंच आहे.

शाळेत आता सांगतात की पोरीच्या तोंडून ते ऐकलं आणि मॅडमना राहवलं नाही. मीही तसंच म्हणू देते. हा कागद घडी करून माझ्याच कपाटात जाणार, म्हणून तुला खरं सांगते. मुलगी बोलली तेव्हाही मी मान हलवून हो म्हणणारच होते. पण लावलेलं दार बघितलेली मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. ती तिथं नसती, तर मी गप्प बसले असते.