अनन्या कोणाच्या गाडीत होती

प्रिय दीपा,

तुझा नवा पत्ता सुवर्णाकाकूंकडून घेतला. त्या आधी देत नव्हत्या. दीपानं कोणालाही द्यायचा नाही असं बजावलंय, असं दोनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा मी मागितला तेव्हा दिला, आणि वर म्हणाल्या की भांडायला लिहिणार असशील तर माझं नाव घेऊ नकोस. भांडायला नाही लिहीत. तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज पोचतच नाहीत, तेव्हा तू मला ब्लॉक केलं असणार असं धरून चालते. केलं असशील तर बरोबरच केलंस. म्हणून हे कागदावर. हाताची सवय गेलीये, अक्षर वाकडं येतंय, त्यात मी मोटेलच्या ब्रेकफास्टच्या टेबलावर बसलेय आणि शेजारचं वॉफलचं मशीन दर दोन मिनिटांनी बोंबलतंय. ईशान तिसरं वॉफल करतोय. धाकट्या कादंबरीला त्यावरचं क्रीम फक्त चाटायचंय. यतीन बाहेर टायरची हवा बघतोय, म्हणजे माझ्याकडे वीस मिनिटं आहेत.

काकूंनी मला सगळं सांगितलं. तू आणि श्रीराम वेगळे झालात, तुला ईडन प्रेरीला नोकरी मिळालीये, तुला अनन्याला घेऊन तिकडे जायचंय आणि तो तिला फ्रीमाँटमधून हलू द्यायला तयार नाही. अठरा ऑगस्टला कोर्टाची तारीख आहे. आणि त्याच्या वकिलानं दिलेल्या कागदात साउथ डकोटा आहे. सहा वर्षांच्या मुलीला आई शेळ्यांच्या फार्मवर विसरून निघून गेली, अशा आईवर मुलीची जबाबदारी कशी टाकायची, असं काहीतरी लिहिलंय म्हणे. काकू हे सांगत होत्या तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिले. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही, दीपा. कपड्यांच्या घड्या घालायला घेते, अर्ध्यात सोडून गाडी घेऊन उगाच टार्गेटला जाते, तिथे काय घ्यायचं होतं ते आठवत नाही, तशीच परत येते. यतीन म्हणतो, तुला भिंगरी लागलीये.

आणि आता बघ, नेमके त्याच रस्त्यावर आहोत. नेपरव्हिल ते माउंट रशमोर, आय-नव्वदनं सरळ. यतीननं फेब्रुवारीतच बुकिंग करून टाकलं होतं. कादंबरी त्या वेळी दोन वर्षांची होती, तिला काही आठवत नाही, तिला पुन्हा दाखवायला हवं, असं त्याचं म्हणणं. हा रस्ता नको म्हणाले असते, तर का नको तेही सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले आणि दशम्या करायला घेतल्या. या वेळी एकटीनं केल्या. तुला आठवतं ना, तुझ्या ओट्यावर आपण दोघी पहाटेपासून लागलेलो, तू धपाटी थापत होतीस आणि मी तुला नागपूरचं तिखट किती घालायचं ते शिकवत होते, तू शेवटी माझ्या हातातून डबा काढून घेतलास. मोटेलच्या बाथरूममध्ये पंखा लावून राइस कुकरमध्ये खिचडी केली होती, वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल सारला होता, आणि सकाळी रिसेप्शनवरच्या बाईनं विचारलं की काल रात्री तुम्ही काय शिजवलंत, फार छान वास येत होता. एवढं हसले नाहीये मी त्यानंतर. बरं, यतीन आला, उठते.

आता दुपार आहे, रेस्ट एरियात झाडाखालच्या बाकावर बसलेय. मुलं घसरगुंडीवर आहेत. आज सकाळी मक्याच्या कणसांनी मढवलेला तो महाल झाला. कादंबरीला वाटलं तो खाता येतो. काल मिनेसोटात त्या अवाढव्य हिरव्या माणसाचा पुतळा झाला, त्याच्या बुटांमध्ये उभं राहून फोटो झाला. यतीनचं अजून तसंच आहे. महाबळेश्वरला गेल्यासारखे पॉइंट करायचे. एक्सेलमध्ये चौदा पॉइंट, प्रत्येकापुढे मिनिटं. हिरवा माणूस पंचवीस मिनिटं, कणसं चाळीस मिनिटं, प्रेअरी डॉग म्हणतात त्या खारींची बिळं तीस. श्रीराम तर त्याच्याही वर होता, आठवतं ना, मुलं एखाद्या ठिकाणी रमली की तो घड्याळ दाखवायचा. आपण दोघी मागे रेंगाळायचो. तुला त्या बिचाऱ्या दुकानांमधली पोस्टकार्डं निवडायला पंधरा मिनिटं लागायची आणि मी तुझ्याबरोबर उगाच उभी राहायचे.

ईशान आता अकरा वर्षांचा आहे. तो मोजतो, दीपा. हे मला तुला सांगायचंच होतं. कुठूनही निघताना तो चौघांना मोजतो. मॉलमधून, देवळातून, डेंटिस्टकडून. मी बाथरूममध्ये असले तर दाराबाहेर उभा राहतो. आधी आम्हाला कौतुक वाटलं, मोठा झाला म्हणून. मग त्याच्या टीचरनं मला बोलावून सांगितलं की फील्ड ट्रिपला हा बसमध्ये चार वेळा सगळ्या वर्गाला मोजतो, आणि मोजणी चुकली तर रडायला येतं त्याला. मी टीचरला म्हणाले, तो जरा काळजी करणारा आहे. घरी येताना गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिले.

तो दिवस मला तुला सांगायची गरज नाही, पण मला तो नीट मांडू दे. दोन व्हॅन होत्या, आमची मागे, तुमची पुढे. अनन्या एकटी म्हणून ती बहुतेक आमच्याकडेच बसायची, ईशान आणि कादंबरीबरोबर. त्या सकाळी तिचं आणि ईशानचं टॅबलेटवरून भांडण झालं, म्हणून ती तासभर तुमच्या गाडीत गेली. मग फार्म आला. शेळ्यांना खायला घालायचं, उड्या मारायची ती मोठी उशी, सगळी मुलं खूश. श्रीरामनं घड्याळ दाखवलं. आपली पद्धत ठरलेली होती. दोन्ही गाड्या सुरू करायच्या, फोन स्पीकरवर, श्रीराम पुढून गणपती बाप्पा म्हणायचा आणि सगळ्यांनी मोरया म्हणायचं की निघायचं. मोरया मोठ्यानं आलं म्हणजे सगळे आले. डोकी कोणी मोजायची हे आपण कधी ठरवलंच नाही. इथे जन्मलेल्या मुलांना दुसरं काही मराठी येवो न येवो, मोरया जोरात येतं, आणि आपण चौघं त्यावरच खूश असायचो. त्या दिवशीही जोरात आलं. ईशान एकटाच दोघांएवढा ओरडला असेल.

पन्नास मैलांवर गॅस भरायला पंपावर थांबलो. तू उतरून आमच्या गाडीकडे आलीस, हातात अनन्याची पाण्याची बाटली होती. मागचं दार सरकवलंस. मला तुझा चेहरा दिसत होता, आणि तू काही बोलायच्या आधीच मला कळलं. अनन्याच्या गुलाबी जाकिटाची घडी सीटवर होती, पोर नव्हती. मग श्रीराम आला. त्या पंपावर, लोकांसमोर, तो तुला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. पोटची पोर विसरलीस, एवढं पुरे. परत जाताना पन्नास मैल तू आमच्या गाडीत बसली होतीस, कारण त्यानं तुला त्याच्या गाडीत बसू दिलं नाही. अनन्या तिथे तिकिटाच्या खिडकीवरच्या आजीबरोबर होती, मांडीवर खाद्याची बादली, एक करडू तिचा फ्रॉक चावत होतं. ती रडत नव्हती. तुझ्याकडे बघून "यू फर्गॉट मी" एवढंच म्हणाली. तू खाली गुडघ्यांवर बसलीस आणि तिला सॉरी म्हणत राहिलीस. मी चार पावलांवर उभी होते. मला पुढे यायला हवं होतं. मी कादंबरीचं डायपर बदलायला गेले.

यानंतर पाच महिन्यांत तुम्ही फ्रीमाँटला गेलात. श्रीरामची बदली म्हणालात. निरोपाच्या जेवणाला तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस की हल्ली माझं डोकं ठिकाणावर नसतं गं, मी दोनदा तीनदा बघते पण माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. मी म्हणाले, होतं असं, सगळ्यांचं होतं. काकू सांगत होत्या की तू फ्रीमाँटला फ्रीवेवर गाडीच चालवत नव्हतीस, अनन्या मागे असली तर. एवढं झालं आणि मी तुला दर दिवाळीला फराळाचे फोटो पाठवत राहिले. तू ब्लॉक केलंस तेव्हा मला राग आला होता. खरं सांगते, आला होता.

आज सकाळी त्या एक्झिटवरून गेलो. शेळीचं चित्र असलेली पाटी तशीच आहे. कादंबरी ओरडायला लागली, गोट्स, गोट्स, थांबा ना. यतीननं वेग वाढवला. मी खिडकीबाहेर बघत बसले. पाचसात मैलांनी मागून ईशान म्हणाला, "आई, दीपामावशी आस्क्ड यू. आय वॉज सिटिंग राइट हिअर." आवाज चढवून नाही, एखादा गृहपाठाचा प्रश्न विचारावा तसं. यतीनची मान हलली नाही. त्यालाही ते ऐकू आलं होतं तेव्हा, फोन स्पीकरवर होता. तीन वर्षं माझ्या घरात दोन माणसांना हे माहीत होतं आणि त्यातला एक आठ वर्षांचा होता. मी यतीनला म्हणाले, पुढच्या गावात थांब. तो म्हणाला, कशाला, पॉइंट नाहीये तिथे काही. मी म्हणाले, बँक असेल, बँकेत नोटरी असते.

त्या गावात आम्ही पाऊण तास वाद घातला, पार्किंगमध्ये, मुलांना पार्कात सोडून. यतीनचं म्हणणं मी तुला जसंच्या तसं सांगते, म्हणजे तू त्याला फार वाईट समजणार नाहीस. आपली ग्रीन कार्डाची फाइल आत्ता कुठे हललीये, दुसऱ्याच्या कोर्टाच्या कागदावर आपली सही कशाला, आणि श्रीराम त्याचा कॉलेजपासूनचा मित्र आहे. फोन करून दीपाची माफी माग, हवी तर रड, पण लेखी नको, असं म्हणाला. मी म्हणाले, ती फोन घेत नाही, आणि माफीचा तिला कोर्टात काय उपयोग. तो गाडीतच बसून राहिला. मी सगळं इंग्रजीत एका कागदावर लिहून काढलं आणि बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं माझं लायसन्स बघितलं, विचारलं हे तुम्ही स्वतःच्या मनानं लिहिताय ना, आणि शिक्का मारला. या पत्रासोबत तो इंग्रजी कागद आहे. माझा फोन नंबर आणि पत्ता त्यावर आहे. तुझ्या वकिलाला म्हणावं कधीही फोन करा, फ्रीमाँटला यावं लागलं तरी मी येईन, यतीन आला नाही तरी. त्यानं सही केलेली नाही. इंग्रजीत लिहिलंय तेच इथे आपल्या भाषेत लिहिते, कारण ते आधी तुला सांगायला हवं होतं, कोणत्याही जजच्या आधी. गाड्या सुरू झाल्या होत्या, श्रीराम डिकी लावायला खाली उतरला होता, बाप्पा म्हणायचं बाकी होतं, आणि तू फोनवर म्हणालीस, रेणू, अनन्या तुझ्याकडे आहे ना? मी तेव्हा यतीनवर चिडले होते, कुकरची वायर सापडत नव्हती म्हणून तो मला बोलत होता. मी म्हणाले, हो गं, आहे. मी मागे वळून बघितलं नाही. नंतर स्वतःला सांगत राहिले की जाकीट बघितलं आणि ती झोपलीये असं वाटलं, पण ते खोटं आहे, मी मान वळवलीच नाही. आणि पंपावर तू श्रीरामला म्हणालीस की मी रेणूला विचारलं होतं, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे बघायला लागलात, तेव्हा मी म्हणाले, मला नाही आठवत तू विचारल्याचं. मग तू हळूच म्हणालीस, माझं विचारायचं राहिलं असेल. मी तुला तसं म्हणू दिलं. तुझं काही राहिलं नव्हतं, दीपा. तू विचारलं होतंस.

अजूनही तुझीच म्हणवून घ्यायला धजावणारी,
रेणू