वाटेवरची डहाळी

३ फेब्रु., मंगळ. दिग्गी
मला काढलं. अजून घेतलंच नव्हतं, तर काढलं कसं म्हणायचं? महिनाभर जंगल कॅम्पवर चाचणीचा गाईड. आज मॅनेजरनं बोलावलं. "नाळे बरबेड." म्हणजे उद्या येऊ नको. हातात चहा होता. संपवू का ठेवू, कळेना. संपवला.

कारण कालचं. पुण्याचे चौघे पाव्हणे घेऊन ओढ्याकडं चाललो होतो. नर धनेश चोचीत फळ घेऊन गेला. म्हणजे जवळच कुठल्या तरी ढोलीत मादी बसलेली. ढोली सापडली तर ह्यांना दाखवू म्हणून मागनं गेलो. पाच-सात मिनिटं. जाताना वाटेवर हिरवी डहाळी मोडून टाकली, शेंडा माझ्या बाजूला. मी इकडं गेलोय, येतोय, थांबा. इथलं शेंबडं पोर पण ओळखतंय. तिघे फोटो काढत बसले. एक बाई डहाळी ओलांडून सरळ पुढं. ओढ्यात वाट चुकल्या. यात माझं काय?

४ फेब्रु.
अक्काचा फोन. तिला कुणी सांगितलं काय माहीत.
"हे पण सुटलं व्हय? आता बेळगावला ये. भावोजी शिवरात्रीपर्यंत जागा ठेवतो म्हणालेत. मागं दोनदा ठेवली. आलास न्हाईस, कळवलं पण न्हाईस."
फरशीचं दुकान. दिवसभर आत उभं राहून बाहेरचा रस्ता बघायचा.
आयटीआय सोडलं. गोव्याचं हॉटेल सोडलं. गणेशगुडीला राफ्ट उचलायचं काम सोडलं. ते सगळं मी सोडलं. हे एकच मला पाहिजे होतं.
मॅनेजरला परत घ्या म्हणून अर्ज लिहायला बसलो. तीन ओळी झाल्या, मग कुंपणावर शेकरू आलं. अर्ज तसाच.

६ फेब्रु., शुक्र.
सोमामामांच्या पडवीत राहतोय, तर काम करायला पाहिजे. कोनफळं उकरताना मामांना सगळं सांगितलं.
"डहाळी टाकली होतीस?"
"व्हय."
"आणि तरी गेली? आंधळी काय बाई!"
बरं वाटलं. एक तरी माणूस माझ्या बाजूचा.
मग म्हणाले, "किती वेळ गेला होतास?"
"पाच-सात मिनिटं."
मामा कुदळ टेकून हसायलाच लागले. "पाच मिनिटांत धनेशाची ढोली? माझा जलम गेला की रे!"
दुपारी फोनमधले फोटो बघितले. धनेश उडताना, ९.१०. ढोली, ९.४१. परत वाटेवर यायला आणखी...
कुणाला सांगितलं न्हाई.

९ फेब्रु., सोम. जोयडा
रहिवासी दाखल्याला गेलो होतो. बेळगावात लागंल म्हणते अक्का. खिडकीत कारकून न्हाई. लोक नुसते उभे. वाटलं बंद. बाजारात गेलो, एक माणूस बांबूच्या टोपल्या विणत होता, तिथं रमलो. परत आलो तर सगळ्यांची कामं झालेली, खिडकी बंद.
एका म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "टेबलावर चष्मा ठेवून गेले होते की. म्हंजे येणार. सगळ्यांस्नी ठाऊक हाय."
"मला कोण सांगणार?" मी ओरडलोच त्याच्यावर.
"चिडतोस कशाला? तोंड हाय न्हवं, विचारायचंस."
जीपमध्ये बसल्यावर त्या बाई आठवल्या. ओढ्यात दगडावर बसल्या होत्या. एक बूट भिजलेला. मला बघून काही बोलल्या न्हाईत. मी पण न्हाई. डहाळी का टाकली ते पण न्हाई सांगितलं.

१२ फेब्रु., गुरु.
कॅम्पवर गेलो. रस्त्यात दोनदा परत फिरलो.
मॅनेजरला म्हणालो, "पाऊण तास गेलो होतो. पाच मिनिटं म्हणालो ते खोटं."
मॅ. कागद लिहीत राहिला. मग म्हणाला, "हाका मारून त्या बाईंचा आवाज बसला होता. तरी जाताना म्हणाल्या, पोराला काढू नका. मी काढलं."
हे मला माहीत नव्हतं.
"शनिवारी हुबळीचे निवृत्त मास्तर येतायत. पुढं दुसरा गाईड. तू सगळ्यात मागं. नोकरी दिली म्हणून समजू नको."

१४ फेब्रु., शनि.
चौदा मास्तर. त्यातले एक दर झाडापाशी थांबणार. "हे काय? ते कशाचं बी?" मी पुढं बघतोय, लाईन वळणाआड गेली. "सर, चला." "थांब रे, घाई कसली तुला?" मला! घाई!
शेवटी पुढं ओरडलो, "थांबा, आम्ही दोघं मागं हाय!" सगळे थांबले. एवढं सोपं.
परत आल्यावर मॅ.नं फाटकात डोकी मोजली. माझ्याकडं बघितलं. "जेवून जा." बाकी काही न्हाई.
त्या मागं राहणाऱ्या मास्तरांनी मात्र पाठीवर थाप मारली, म्हणाले, "बरा सोबती हायस, पण फार घाई करतोस."

संध्याकाळ. उद्या शिवरात्र. अक्काचे दोन मिस्ड कॉल. भावोजी जागा ठेवून बसलेत. इथं मॅ. काय ते बोलंना. रेंजसाठी वरच्या टेकाडावर आलोय. काय सांगायचं ते ठरलं न्हाई.
ठरलं न्हाई, एवढं तरी सांगतो. लावतो फोन.