खडूचं चौथं कडवं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०
खट्. मग बारीक सूंऽऽ. मग कुणीतरी घसा खाकरतं. टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा तो आवाज आज झोपेत अगदी स्पष्ट ऐकू आला. तीस वर्षांत ऐकला नव्हता. घसा माझाच होता. शुभसंकेत.

येत्या रविवारी पाच वाजता वाचनालयात माझं व्याख्यान. ‘सर्वाधिक खपाचे अल्बम : खप मोठा की प्रभाव?’ विषय मीच सुचवला. ग्रंथपालबाईंच्या मनात ‘गुडघेदुखी आणि आपण’ होता.

माझं मत पक्कं आहे. खप म्हणजे प्रभाव नव्हे. कोटी-कोटी प्रती खपलेल्या अल्बममधलं एक गाणं कुणाला धड पूर्ण येत नाही. उलट शाळेतल्या बाकावर बसून घोकलेली कविता माणूस चितेवर जाईपर्यंत विसरत नाही. पुरावा म्हणून शेवटी मी माझीच ‘खडू’ म्हणणार. मी लिहिलेली, मी चाल लावलेली, पस्तीस वर्षं वर्गात म्हटलेली. चारही कडवी, कागद न धरता.

संकल्प : रोज पाचला उठणे. रोज भाषणाची चार पानं. रोज अर्धा तास रियाज, बैठकीच्या भिंतीकडे तोंड करून. तिथे आवाज छान घुमतो.

सोमवार, सायंकाळी
पानं : शून्य. शीर्षक मात्र सुवाच्य अक्षरात लिहून दोनदा अधोरेखित केलं.

रियाज केला. तीन कडवी खणखणीत झाली. तिसऱ्याचा शेवट तर असा लागला की स्वतःच्याच अंगावर काटा आला :

झिजता झिजता
तुकडा राहिलो
डस्टर आले, मी
हसून म्हणालो—

इथून चौथं सुरू होतं. चौथं मला येतं. फक्त ओठांवर आलं नाही. दुपारी वांगी खाल्ली होती म्हणून असेल.

मंगळवार, ४ मार्च
पाचला उठलो नाही. गजर झाला, पण मी आधीच जागा होतो, त्यामुळे उठायची घाई वाटली नाही. आठ वाजले. रियाज दहाला.

मेहुणा आला. आकड्यांचा माणूस. फोनवर सर्वाधिक खपाच्या अल्बमची यादीच उघडून बसला. म्हणाला, भाऊजी, लोकांना आवडलं म्हणून खपलं, ह्यात व्याख्यानासारखं काय आहे? तुमच्या कॅसेटचा खप किती होता, असंही वर विचारलं.

मी शांतपणे सांगितलं की पाचशेपैकी पाचशे. ‘फळ्यावरची गाणी’, दोन्ही बाजू मिळून बारा कविता, पंधरा दिवसांत साफ. शंभर टक्के. त्याच्या यादीत शंभर टक्के कुणाचे आहेत? मेहुणा निरुत्तर झाला. (ही म्हणते, त्याच्या तोंडात बिस्कीट होतं.)

हिने आणखी एक खोडा घातला. अहो, म्हणाली, खप म्हणजे काही नाही असं लोकांना सांगणार, आणि स्वतःचा खप मात्र टक्क्यांत मोजणार? एक काय ते ठरवा. मी म्हटलं, माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, त्याला मी काय करू?

चौथं कडवं ताडून पाहायला कॅसेट शोधली. आमच्याकडे एकही नाही. घरातली प्रत कुणीतरी ऐकायला नेली ती नेलीच. कवितांची वही वेष्टनाच्या छपाईला दिली होती, तीही परत आली नाही. वेष्टनावर जागेअभावी पहिलंच कडवं छापलं होतं. म्हणजे चौथं कडवं आता जगात फक्त कॅसेटवर आहे. आणि अर्थात माझ्या डोक्यात.

वाचनालयाच्या फलकावर सूचना लावली : ‘फळ्यावरची गाणी’ने ज्यांचं आयुष्य बदललं, अशा रसिकांनी आपली प्रत दोन दिवसांसाठी द्यावी. गर्दी करू नये.

बुधवार, ५ मार्च
पानं : अर्धं. त्यातलं पाव खोडलं.

पहिली प्रत आली. दातांच्या डॉक्टरांनी स्वतः आणून दिली. इतकी वर्षं सांभाळली, हाच प्रभाव. मेहुण्याचा जुना टेपरेकॉर्डर मागवला. खट्. सूंऽऽ. माझा घसा. मग माझा आवाज, तरणाबांड : रसिकहो—

आणि धडाम्. ढोल, तुतारी, कुणी बाई हाय हाय करत्येय.

त्या साली गाजलेला तो अल्बम. ज्याचं पोस्टर न्हाव्याच्या दुकानातसुद्धा होतं, तो. कारखान्यात काहीतरी गफलत झालेली दिसते. शास्त्रीय कारणासाठी पूर्ण बाजू ऐकली. हिने पायाने ठेका धरला होता, ते मी पाहिलं. माझाही एक पाय हलत होता, पण त्याला मुंग्या आल्या होत्या.

गुरुवार, ६ मार्च
आणखी दोन प्रती. एक निवृत्त बसचालकाची. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, सर, तुमची कॅसेट म्हणजे सोनं, सात वर्षं रोज बसमध्ये वाजली, एकदा गुंतली नाही की तुटली नाही. मला भरून आलं. चहा दिला. शाल द्यावी असंही मनात आलं, पण आमच्या शालीला कसर लागली आहे.

लावली. घसा. रसिकहो. हाय हाय.

मात्र ह्या बाजूच्या शेवटी, हाय हाय संपल्यावर, अचानक मी बोलायला लागलो. श्वास रोखला. हिनेही नळ बंद केला. मी म्हणालो : आता कॅसेट उलटी करावी.

उलटी केली. उरलेली हाय हाय.

तिसऱ्या प्रतीत घसासुद्धा नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च
उठलो सव्वाआठला. रियाज दहाला, तीन कडवी, चार वेळा. हसून म्हणालो, हसून म्हणालो, हसून म्हणालो. पुढे खडू गप्प.

कॅसेटच्या दुकानदाराकडे गेलो. पाचशे प्रती ह्यानेच विकल्या. आता दुकान मुलाकडे, त्यात फोनची कव्हरं. स्वतः खुर्ची टाकून दारात बसतो. कारखान्यातल्या गफलतीबद्दल मी तक्रार केली, तर म्हणाला, सर, बसा.

मग त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं नोंदवतो. कॅसेटच्या डोक्यावर दोन इवले प्लॅस्टिकचे दात असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. प्रती काढणाऱ्याने मला विचारलं होतं, दात मोडू का? आणि मी म्हणालो होतो (हे खरं आहे, मला लख्ख आठवतं) की नवीकोरी वस्तू मोडायची कशाला? दुकानदाराच्या मते, दात शाबूत ठेवलेली गाण्याची कॅसेट त्याने उभ्या जन्मात तेवढीच पाहिली.

नेमका त्याच महिन्यात तो अल्बम आला. दोन दिवसांत गावातून संपला. ज्याच्याकडे होता त्याच्याकडून जो तो भरून घेत सुटला. कोऱ्या कॅसेटी मिळेनात. गिऱ्हाईक दारात उभं. तेव्हा ह्याने फळीवरच्या माझ्या पाचशे काढल्या. लोकांना स्वच्छ सांगायचा, म्हणे, की ह्यात थोडं काहीतरी आहे, पण त्यावर नवं बसतं. वर म्हणाला, टेप मात्र एक नंबर होती हं सर, लोक अजून नाव काढतात.

मी उठलो. चप्पल उलटी घातली ती कोपऱ्यापर्यंत कळली नाही.

शनिवार, ८ मार्च
सकाळी विचार केला आणि सगळं स्वच्छ झालं. माझाच सिद्धान्त सिद्ध झाला. पाचशे खपल्या, प्रभाव शून्य. म्हणजे खपाचा आणि प्रभावाचा संबंध नाही. असा रोखठोक पुरावा जगात दुसऱ्या कुणापाशी नसेल. शिवाय तो अल्बम ज्या पाचशे घरांत पोचला, त्यांत त्याला वाट कुणी दिली? मी दिली. भाषणात हे घ्यायचं. मग नको वाटलं.

हिला विचारलं, रेकॉर्डिंगच्या वेळी तू होतीस, चौथं कडवं आठवतं का? म्हणाली, मी कुठली होते आत? मी दिवसभर जिन्यात उभी, वरखालच्या पोरांना शूऽऽ करत. वर म्हणाली, अहो, कविता तुमचीच ना? मग नवं कडवं लिहा की, कोण धरणार आहे तुम्हाला?

हा काय भाजीत पाणी वाढवण्याचा प्रकार आहे? तरी बसलो. तीन प्रयत्न. पहिल्यात खडू डस्टरला उपदेश करतो. दुसऱ्यात रडतो. तिसऱ्यात ‘हाय हाय’ आलं, तिथे वही मिटली.

पस्तीस वर्षं वर्गात म्हटली. दर वर्षी पन्नास पोरं. एकाला तरी आली असेल. पण कुणाला? एकाचाही पत्ता माझ्याकडे नाही.

रविवार, ९ मार्च. दुपारी ४.२०
तयार आहे. पांढरा शर्ट, खिशात पेन. भाषण एका वाक्याचं आहे, पण ते सावकाश म्हणणार. ‘खडू’ तीन कडवी म्हणायची आणि ‘हसून म्हणालो’ला खोकल्याची उबळ आणायची. सकाळी दहाला उबळीसकट रियाज केला. उबळ उत्तम झाली. हिला सांगितलं, तू आली नाहीस तरी चालेल. ती म्हणाली, येणार, पाण्याची बाटली घेऊन.

रविवार, ४.४५
घंटी वाजली. दारात एक अनोळखी बाई, तिशीच्या. हॉस्पिटलचा गणवेश, डोळे लाल. म्हणाल्या, मी शेजारची. मला वाटत होतं शेजार रिकामा आहे. दोन आठवड्यांपूर्वी राहायला आल्या, रात्रपाळीच्या नर्स आहेत, सकाळी नऊला घरी येऊन झोपतात. दहाला मी सुरू होतो. त्यांची उशी नेमकी त्या भिंतीला.

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, नाही आजोबा, भांडायला नाही आले, ते सोमवारीच यायचं होतं. मंगळवारी कानात कापूस घातला. गुरुवारी रात्री ड्रेसिंग करता करता स्वतःच ‘डबीत राहतो, फळ्यावर धावतो’ गुणगुणताना सापडल्या. एका पेशंटने विचारलं, पुढचं म्हणा. आता वॉर्डातल्या अकरा जणांना तीन कडवी येतात. काल रात्रभर पैजा चालल्या होत्या. ऑपरेशन झालेले एक काका म्हणतात, खडूने डस्टरला शिवी दिली असणार. आज सकाळी त्या मुद्दाम जागून भिंतीला कान लावून बसल्या, तर नेमका तिथेच मला खोकला आला.

आज लवकर बोलावलंय म्हणून आताच पाळीवर निघाल्या आहेत. म्हणाल्या, आजोबा, एवढं सांगा, खडू हसून काय म्हणाला?

मी म्हटलं, सांगतो, पण जरा चष्मा घेऊन येतो. आत येऊन हे लिहितो आहे. बाई दारात उभ्या आहेत. हिने त्यांना बसा म्हटलं, तर म्हणतात, नको, घाई आहे, तेवढं ऐकते आणि निघते.

चष्मा माझ्या नाकावरच आहे. तो त्यांना दिसला असणार.