बारव माझी, गर्दी गंगाधरची

रवि., ९ फेब्रु.
चिंचखेड्याच्या बारवेवर आज त्रेचाळीस माणसं. मी मोजली नाहीत, गंगाधरनं मोजली. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होता, माणूस दिसला की मोजतो. निवृत्त झाला, घरी करमेना, दिवाळीपासून बारवेतली झुडपं काढत बसला. वाशिमच्या कुणी जोडप्यानं त्याचा व्हिडिओ काढला. तेव्हापासून हा ‘बारववाले काका’.
मी एकोणीस वर्षं या बारवेवर लिहितोय. सात बातम्या छापून आल्या, सातही पाचव्या पानावर, श्रद्धांजलीच्या शेजारी. एक माणूस बघायला गेला नाही.
आज मुद्दाम गर्दीत मागे उभा राहिलो. वरच्या पायरीवरून गं. ओरडतो, “आधी उतरनाऱ्याला उतरू द्या, मंग चढा.” कोनाड्यांना ‘शीट’ म्हणतो. शेषशायीपाशी थांबून, “हे इष्णू. यायचं रिझर्व हाय, इथं कोनी बसू नका.” लोक हसले. मी म्हणालो, “गंगाधरराव, त्याला देवकोष्ठ म्हणतात.” तर हा, “व्हय, आमचे गुरुजी म्हनतात ते बराबर हाय. देवाची शीट.” लोक आणखी हसले.
आवाज खणखणीत आहे, एवढं कबूल.

बुध., १२ फेब्रु.
सविस्तर टिपण पाठवलं होतं. वापीचे, म्हणजे बारवेचे, चार प्रकार: एका तोंडाची नंदा, दोन तोंडांची भद्रा, तीनची जया, चारची विजया. आपली जया. डेस्कनं ते सगळं कापलं. उरलं काय, तर गं.चा फोटो, तीन कॉलम. खाली ‘वार्ताहराकडून’. म्हणजे मी.
घरी सुधानं कात्रण फ्रिजवर चिकटवलं. “फोटो छान आलाय त्यांचा.”
मिशीला तेल लावलं होतं त्यानं.

शुक्र., २१ फेब्रु.
सुधा भिशीच्या बायकांबरोबर बारव बघून आली. चेहरा उजळलेला. “काय सांगतात हो ते. खाली उतरलं की कसं गार वाटतं. पाण्याला आलेल्या बायका कुठं टेकायच्या, घागरी कुठं ठेवायच्या, सगळं दाखवलं.”
म्हटलं, हे मी दोन हजार आठ साली लिहिलंय.
“लिहिलंत. मला एकदा नेलं नाहीत.”
सेनगावाहून चिंचखेडा स्कूटरनं पाऊण तास. पेपर वाचला. आधीच वाचलेला होता.

गुरु., २७ फेब्रु.
काल शिवरात्र. औंढ्याचं दर्शन करून परतणाऱ्या गाड्या यंदा साखऱ्यावरून बारवेकडे वळल्या म्हणे. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर बारवेकडे जायचा बाण रंगवलाय. ‘बारव’ शुद्ध लिहिलंय, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.
बातमीसाठी जावं लागलं. गाळ काढणं चालू. तळापासून वरपर्यंत माणसांची रांग, हातोहात घमेली. गं. एकाच बाजूनं खणू देत नाही. चारी बाजूंनी हातभर, मग थांबायचं, भिंतीला कान लावायचा, मग पुढचा हातभर.
“एवढं हळू का?” मी विचारलं.
“गुरुजी, गाळानंच भिताडाला धरून ठिवलं हाय. समदी गर्दी एका बाजूला झाली की गाडी कलंडती. मी पाह्यलेली हाय कलंडलेली.”
हे कुठल्या ग्रंथात असतं तर मी पाठ केलं असतं. परतताना वाटेभर त्याचा राग आला. चूक काढता आली नाही म्हणून असेल.

सोम., ३ मार्च
होळीनंतर पर्यटनस्थळांच्या यादीसाठी पाहणी आहे. चिंचखेड्याचे सरपंच घायकुतीला आलेत. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं मला. सात-आठ जण होते.
“सर, गंगाधरकाका म्हनतो अजून दोन महिने. जेसीबी लावला त एका दिवसाचं काम हाय. तुमी संस्कृत शिकलेले. शास्त्र काय म्हनतं?”
मी बशीतला चहा संपवला. म्हणालो, “शास्त्रात जेसीबीला मनाई कुठे सापडली नाही.”
हॉटेल हसलं. मालकसुद्धा, आणि तो सहसा हसत नाही. स्वतःच्या वाक्यावर इतका खूश बऱ्याच दिवसांनी. रस्त्यानं दोनदा मनात म्हणून पाहिलं.
सरपंच हसले का, ते पाहायचं राहिलं.

गुरु., ६ मार्च
नऊ वाजता फोन. स्कूटर काढली.
जेसीबी लावला. काल गं. साडूकडच्या लग्नाला कळमनुरीला गेला होता, तेवढा दिवस बघून. उत्तरेच्या बाजूनं दोन तास गाळ ओढला आणि भिंतीचे तीन थर पोट आल्यासारखे पुढे आले. अकरा दगड तळात. शेषशायी वाचला, त्याच्या शेजारचा कोनाडा गेला.
तहसीलचे लोक होते. सरपंच त्यांना सांगत होते, “बारव समितीचा निर्णय हाय, साहेब.” समितीचा अध्यक्ष गं. हे म्हणताना सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडांकडे पाहत होतो.
गं. काठावर पाय सोडून बसलेला. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, “दोन म्हयनेच त मागतले होते. काहून घाई केली.”
मला विचारलं नव्हतं. नुसतंच म्हणाला.

शनि., ८ मार्च
बातमी दिली. ‘यंत्राच्या वापरामुळे प्राचीन बारवेची पडझड.’ यंत्र कुणाच्या सांगण्यावरून, ते बातमीत नाही. डेस्कनंही विचारलं नाही. पहिलं पान, पहिल्यांदाच, आणि खाली माझं नाव.
मोबाईलवर गं.ला शिव्या पडतायत. ‘बारववाल्या काकानंच बारव पाडली.’ ‘प्रसिद्धीची हाव.’ सगळ्या वाचल्या. खाली खाली जाऊन वाचल्या.
बरं वाटलं. साधारण दोन मिनिटं, पण वाटलं. इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला नाही म्हणता येणार नाही.
सुधानं कात्रण फ्रिजवर लावलं नाही.

बुध., १२ मार्च
गेलो. बघायला आलेलं कुणी नाही. गं. एकटा तळात, अकरा दगडांवर खडूनं आकडे घालत होता. भिंतीला लाकडी बल्ल्यांचा टेकू दिलाय. साखऱ्याचा गवंडी म्हणतो, याच महिन्यात थर परत बसवले तर बसतील, टेकूवर भिंत फार दिवस राहायची नाही. पण जिल्हा कार्यालयाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. त्यांना वीस तारखेपर्यंत समितीचा लेखी खुलासा हवाय: यंत्र कुणी सांगितलं, का सांगितलं. समाधान झालं नाही तर समिती बरखास्त, बारवेला जाळी आणि कुलूप. भिंत मग आपली आपण पडेल, कुलपाच्या आत.
मी दगडाचं एक टोक धरू लागलो.
“राहू द्या गुरुजी, तकलीफ घेऊ नका. तुमचा हात लिवायचा हाय.”

रवि., १६ मार्च
गं. सकाळी घरी आला. पहिल्यांदाच. धोतर पांढरंफेक, हातात पिशवीभर हरभऱ्याचे घाटे. सुधानं पोहे केले आणि तो पायरीवरच बसतो म्हणाला. तिनं हाताला धरून खुर्चीवर बसवला.
“गुरुजी, मला खुलासा लिवता येत न्हाई. जलमभर तिकिटं फाडली. तुमी लिवा.”
“काय लिहू?”
“खरं काय हाय ते.”
“जेसीबी आणा म्हणून कुणी सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे?”
तो घाटे सोलत होता. सुधाच्या ताटलीत दाणे टाकत म्हणाला, “सरपंच एक सांगतो, मशीनवाला एक सांगतो. तुमी पत्रकार हायेत. तुमी काढा शोधून.”
मग बंडीच्या खिशातून पाकीट, पाकिटातून कोरा कागद. घडी उलगडली, गुडघ्यावर पुस्तक ठेवून अगदी खाली सही केली. कागद माझ्यापुढे सरकवला.
म्हणालो, “वाचल्याशिवाय सही करू नये, गंगाधरराव.”
“तुमच्या हातचं काय वाचायचं.”
पोहे संपवले, ताटली स्वतः विसळली, गेला.
मी सुधालासुद्धा कोऱ्या चेकवर सही कधी करून दिली नाही. तिनं एकदा मागितली होती.
ती म्हणाली, “अहो, तुम्हाला ठाऊक आहे का कोण म्हणालं ते?”
“चौकशी चालू आहे,” म्हणालो.

मंगळ., १८ मार्च
दोन दिवस पाठकोऱ्या कागदांवर मसुदे. पहिला: ‘काही गैरसमजातून सदर यंत्र पाचारण करण्यात आले.’ भाषा निर्दोष. फाडला. दुसऱ्यात मशीनवाला. त्याची बायको आमच्या गल्लीत भाजी विकते. फाडला. तिसऱ्यात सरपंच. अर्धं खरं. तेवढ्यात सरपंचांचाच फोन:
“सर, खुलाशात माझं नाव नका घेऊ. तुमचं बी कशाला? मशीनवाला परगावचा हाय, त्याचं टाका. गंगाधरकाकाची सही हायच.”
सही आहे हे यांना कसं कळलं? गं.नं गावभर सांगितलं असणार, अभिमानानं. “माझा खुलासा गुरुजी लिवून राहिले.”
म्हटलं, बघतो. नाही म्हणालो नाही.

दुपारी सुधाला सांगितलं. सगळं. चहाची बशी, वाक्य, हॉटेल हसलं. वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आता त्यात काही नव्हतं. ती भाजी निवडत होती, थांबली नाही.
“किती जण होते हॉटेलात?”
“सात-आठ.”
“मग साक्षीदारांची वाण नाही.”
थोड्या वेळानं, “तुम्हाला त्यांचा एवढा राग का येतो हो? त्यांनी तुमचं काय घेतलं?”
काय सांगणार. माझी बारव घेतली. एकोणीस वर्षं मी तिला शब्दांत कोंडून ठेवली होती. यानं झुडपं तोडून दार उघडलं, माणसं आत घेतली, तुलाही घेतलं.
म्हणालो, “मेथी जून आहे.”

गुरु., २० मार्च
पहाटे उठलो. स्नान, संध्या. पेन बदललं.
गं.च्या कागदावर लिहिलं. प्रति, विषय, संदर्भ. मग मजकूर. समितीनं यंत्राचा निर्णय घेतला नव्हता. अध्यक्ष त्या दिवशी गावी नव्हते आणि ते हातानंच गाळ काढत होते, त्याची पद्धत अशी अशी. (यात गं.ची कलंडलेली गाडीही घेतली. कापणारा डेस्क इथं नाही.) सरपंचांनी प्रस्तुत वार्ताहरास सल्ला विचारला. वार्ताहराने तो दिला. ‘प्रस्तुत वार्ताहर’ खोडलं, नाव लिहिलं. बापाच्या नावासकट. मग सल्ल्याचं वाक्य, हॉटेलात म्हणालो तसं. आणि तो सल्ला थट्टेचा होता, पण थट्टेचा रोख कुणावर होता ते सल्ला देणाऱ्यास माहीत होतं.
हे कळल्यावर पेपर मला उद्या ठेवील का, माहीत नाही. जेसीबीच्या बातमीखालचं नाव पाहिलेले लोक काय म्हणतील, माहीत आहे. खाली खाली जाऊन वाचीन.
आणि हेही लिहून ठेवतो: यातही गं.च मोठा ठरणार. दोष माझा, कागद त्याचा. कार्यालयात लोक म्हणतील, काय माणूस आहे, कोरी सही दिली. जळजळ आहे. कमी झालेली नाही.

जिल्ह्याला जायला सव्वानऊची गाडी आहे. सुधानं डबा भरलाय आणि ती सोबत येतेय. परत येताना चिंचखेड्याला उतरायचं म्हणते.
मजकूर संपला तिथून गं.च्या सहीपर्यंत तीन बोटं जागा उरली. त्याची सही डावीकडे, उजवीकडची बाजू मोकळी. पट्टीनं मोजली. माझी सही लांब आहे, आडनावाला वेलांटी काढायची सवय. वेलांटी गाळली तर मावते.