दाराबाहेरच्या चपला

कोरेगाव, ८ एप्रिल २०२५

चि. अंबूबाईस, हंबीरदादाचे अ. उ. आ.

पत्र रागानंच लिहितोय. महिनाअखेरच्या जत्रेला न्यायला सोमवारीच ये, मुराळ्याशिवाय माहेरी येणार नाही, असं तूच कळवलंस. दाजी गेल्यावरची तुझी पहिली जत्रा, म्हणून गुडघे धरत सांगलीची एसटी गाठली. तुझ्या जयराजच्या इमारतीत नवव्या मजल्यावर गेलो, तर दार बंद! बाहेर चपलाही नाहीत. शेजारी विचारावं तर चारी दारं बंद. मला वाटलं, आख्खा मजलाच परगावी गेला. बेल होती. पण भर दुपारी दार लावलेलं म्हणजे घरात माणूस नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. घेवड्याची पिशवी कडीला अडकवून परत फिरलो. फौजेत, तोफखान्यात कान गेले नसते, तर फोनवर चांगलं फैलावर घेतलं असतं.

लोभ आहे, पण आज राग वरचढ आहे.

हंबीरदादा

सांगली, १२ एप्रिल

तीर्थरूप दादास, अंबूचा शि. सा. न.

दादा, मी घरातच होते. सामान बांधून, नवं लुगडं नेसून दाराच्या आत खुर्चीवर बसले होते.

इथं दार उघडं ठेवत नाहीत, घरातलं दिसतं म्हणे. चपला बाहेर ठेवल्या, तर सोसायटीचा माणूस मजला वाईट दिसतो म्हणून बोलतो. जयराज आणि सूनबाई रेश्मा कामावर गेले, की मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकते. त्या दिवशी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली आणि परत गेली. तुझी हाक आली नाही, म्हणून मला वाटलं, कुणी चुकून आलं. समोरच्या घरात एक म्हातारी आहे, हे मला तिच्या खोकल्यावरून ठाऊक. तोंड अजून पाहिलेलं नाही. दारापुढं ओटाच नाही, तर बायांनी बसायचं कुठं?

संध्याकाळी रेश्मा पिशवी घेऊन आली, कुणाचं तरी पार्सल लटकत होतं म्हणाली. मी गाठ ओळखली. पोरांपुढं मोठ्यानं रडले रे.

पुन्हा ये. एवढा लोभ कर.

अंबू

कोरेगाव, १७ एप्रिल

चि. अंबूस आशीर्वाद.

चूक माझी, लय वाईट वाटलं. शुक्रवारी, पंचवीसला येतो. बेल दाबली तरी वाजली का नाही, हे मला कळणार नाही. तू चपला बाहेर ठेव. त्या दिसल्या, की तुला घेतल्याशिवाय हलणार नाही. सोसायटीला काय सांगायचं ते मी सांगतो.

तुझाच, दादा

सांगली, २१ एप्रिल

ती. दादास सा. न.

पत्र मिळालं आणि लगेच चपला बाहेर ठेवल्या. सोसायटीच्या माणसानं आत आणून दिल्या. तो गेल्यावर पुन्हा ठेवल्या. दुपारी दार किलकिलं करून पाहिलं, तर समोरच्या दारापुढंही एक झिजका जोड होता.

शुक्रवारी माझ्या दारापुढं चपला नसल्या, तर परत फिरू नको. समोर दोन जोड दिसतील. तिथं हाक मार.

अंबू